कोपरा कुणाला द्यायचा? कबड्डीतली निवड आणि बचावाचा इतिहास

खेळाचा इतिहास हा संशोधनाचा विषय घ्यायचा म्हटलं की बहुतेकांना दोनच गोष्टी सुचतात: मोठ्या खेळाडूंची चरित्रं आणि स्पर्धांचे निकाल. या लेखात तिसरी गोष्ट घेऊ. ती म्हणजे निवड.

समजा, शिंदखेड्याच्या महाविद्यालयातला एक मुलगा विद्यापीठाच्या कबड्डी संघाच्या चाचणीला गेला. चढाईत साधारण, पण चढाईपटूचा घोटा एकदा हातात आला की सोडत नाही. त्याला घ्यायचं की नाही, हे कशावरून ठरणार? माझं म्हणणं असं, की बचावपटू एकटा 'चांगला' किंवा 'वाईट' नसतोच. तो एखाद्या रचनेत बसतो किंवा बसत नाही. ती रचना खेळाच्या नियमांतून तयार होते. त्यामुळे नियम बदलले की 'चांगला बचावपटू' या शब्दाचा अर्थही बदलतो.

आधी रचना समजून घेऊ

कबड्डीत मैदानावर सात जण असतात. दोन टोकांना कोपरारक्षक, त्यांच्या आत एकेक साथीदार, मग डावा-उजवा मध्यरक्षक (आता सगळे 'कव्हर' म्हणतात) आणि मधोमध एक जण. कोपऱ्याचं काम म्हणजे खोलवर आलेला पाय पकडणं: घोटा किंवा मांडी. कव्हरचं काम वेगळं. परतणाऱ्या चढाईपटूची वाट अडवायची, त्याला धडक देऊन मैदानाबाहेर काढायचं आणि कोपऱ्याने पाय धरला की क्षणात अंगावर जायचं. कोपऱ्यातला उत्तम खेळाडू कव्हरला आणला तर तो तिथे चालेलच असं नाही.

जगात इतरत्रही हेच दिसतं. अमेरिकेत महाविद्यालयीन फुटबॉलचे प्रशिक्षक शाळकरी खेळाडूंना शिष्यवृत्ती देऊन आपल्याकडे ओढतात, तेव्हा ते आपल्या बचावाचा आराखडा समोर ठेवतात. पुढच्या फळीत तीन जण ठेवणाऱ्या संघाला मधोमध एक दांडगा गडी लागतो. तो समोरच्या दोघांना अडवून धरतो आणि पकड मागचा साथीदार करतो. आकडेवारीत त्याचं नाव क्वचितच दिसतं, पण तो नसेल तर आराखडा कोसळतो.

आपल्याकडे या गोष्टीचं ठळक उदाहरण म्हणजे सुरेंदर नाडा आणि मोहित छिल्लर ही डाव्या-उजव्या कोपऱ्याची जोडी. २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली, तेव्हा दोघे यू मुंबात होते. पुढे दोघे बंगळुरूकडून आणि मग हरियाणाकडूनही एकत्र खेळले. एक कोपरा विकत घेताना दुसऱ्या कोपऱ्याचाही विचार होतो, तो असा.

बाद झालेला परत येतो का?

आता इतिहासाकडे वळू. हुतूतूला लेखी नियमांची चौकट मिळाली ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत, आणि त्यात महाराष्ट्रातल्या व्यायामसंस्थांचा वाटा मोठा. १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने नियमांची मांडणी करून स्पर्धा भरवल्या. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली, त्यात कबड्डी होती. १९५० मध्ये अखिल भारतीय महासंघ झाला, १९५२ पासून राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाल्या आणि १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई खेळांत कबड्डी पदकाचा खेळ झाली.

ही सनावळी पाठ्यपुस्तकात मिळते. पण तिच्याखाली दडलेला प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे: बाद झालेल्या गड्याचं काय करायचं? जुन्या खेळाचे तीन प्रकार याच प्रश्नाची तीन उत्तरं होती. संजीवनीत प्रतिस्पर्धी बाद झाला की आपला एक गडी परत येतो. गामिनीत बाद झालेला बाहेरच राहतो, अख्खा संघ बाद होईपर्यंत. अमरमध्ये बाद झालेला मैदान सोडतच नाही, फक्त समोरच्याला गुण मिळतो.

आता हे निवडीच्या बाजूने वाचा. गामिनीत फसलेली पकड फार महाग पडते, कारण गेलेला गडी बराच काळ मिळत नाही. तिथे सावध, अंग राखून खेळणारा बचावपटू मोलाचा. अमरमध्ये बचावाची फळी कधीच तुटत नाही, म्हणून एकटा पडल्यावर काय करतो हा प्रश्नच येत नाही. संजीवनीत धोका पत्करता येतो, कारण परतीची वाट उघडी असते. आजची कबड्डी संजीवनीच्या वाटेने आलेली आहे, आणि झेप घेणारा आक्रमक कोपरारक्षक याच वाटेवर शोभतो. हे मी नियमांवरून काढलेलं अनुमान आहे. ते तपासायचं तर त्या काळचे सामन्यांचे वृत्तान्त वाचावे लागतील. पुरावा आणि अनुमान यांतली ही रेघ प्रबंधात कायम स्पष्ट ठेवा.

नियम बदलला, माणूस बदलला

बोनस रेषेचंही तसंच. समोर सहा किंवा सात बचावपटू असतील तरच बोनस गुण मिळतो. तो घ्यायला चढाईपटूला एक पाय रेषेपलीकडे टाकून दुसरा हवेत ठेवावा लागतो. म्हणजे क्षणभर तो एका पायावर असतो. नेमका तो क्षण कोपरारक्षकाचा! आमिष दाखवून वाट बघण्याचा संयम ज्याच्याकडे आहे, त्याची किंमत या नियमाने वाढवली.

दुसरं टोक म्हणजे प्रो कबड्डीतली 'सुपर टॅकल'. तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असताना पकड केली तर दोन गुण. इथे साखळी करायला माणसंच नसतात. त्यामुळे दोघांत किंवा एकट्याने पकड करणारा लागतो. यात वजनाची मर्यादा धरा. वरिष्ठ गटात पुरुषांना ८५ किलो, महिलांना ७५. नुसती ताकद वाढवत नेता येत नाही, म्हणून वेळ साधणं आणि जोडीची समज यांना भाव येतो. २०२३ च्या लिलावात पुणेरी पलटणने डावा कोपरा सांभाळणाऱ्या इराणच्या मोहम्मदरेझा शादलूसाठी २ कोटी ३५ लाख मोजले, आणि त्याच हंगामात विजेतेपद मिळवलं.

शिंदखेड्याचा मुलगा कुठे बसतो?

१९९० पर्यंत धुळे-जळगावची महाविद्यालयं पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. म्हणजे शिंदखेड्याच्या मुलाला विद्यापीठाच्या संघात यायचं तर पुणे, नाशिक, नगरच्या मुलांशी स्पर्धा होती. १५ ऑगस्ट १९९० ला जळगावात उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं (आजचं कवयित्री बहिणाबाई चौधरी विद्यापीठ) आणि खानदेशाला स्वतःचा संघ मिळाला. स्पर्धकांचा घेर लहान झाला, कोपऱ्याच्या दोन जागा मात्र दोनच राहिल्या.

यात पणाला काय लागतं, तेही लक्षात घ्या. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी ठरावीक दर्जाच्या स्पर्धेतली कामगिरी लागते. पोलीस, रेल्वे, कंपन्यांचे व्यावसायिक संघ यांची दारंही मैदानातूनच उघडतात. चाचणीत आपापले खेळाडू दोन-चार चढायांत चमकतात. बचावपटूची साखळी मात्र अनोळखी मुलांबरोबर पाच मिनिटांत जमत नाही. घरच्या संघात ज्याच्या भरवशावर तो झेपावतो, तो साथीदार तिथे नसतोच. ज्या मुलाला नाकारलं जातं, त्याचा खेळ खरं तर पूर्ण पाहिलेलाच नसतो.

तुम्हाला विषय हवा असेल तर

प्रश्न असा बांधता येईल: १९९० नंतर उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या संघात बचावपटू कोणत्या महाविद्यालयांतून आले, आणि एकाच महाविद्यालयातल्या जोड्या किती निवडल्या गेल्या? महाविद्यालयांची वार्षिकं, क्रीडा विभागाच्या संघयाद्या, स्थानिक वर्तमानपत्रं आणि जुन्या खेळाडूंच्या मुलाखती, एवढ्या साधनांवर सुरुवात होते.

साधनं वाचताना एक काळजी घ्या. बातमीत चढाईपटूचे गुण येतात. पकडीचं श्रेय प्रो कबड्डीच्या आकडेवारीतही एकाच बचावपटूच्या नावावर जमा होतं. साखळीतला दुसरा हात कागदावर उमटत नाही. म्हणून मुलाखतीत "तुम्ही किती पकडी केल्या?" एवढंच विचारून थांबू नका. "तुमच्या शेजारी कोण उभा असायचा?" हेही विचारा.