पन्नासाव्या श्वासाचा हिशेब

गडचिरोलीतल्या अनेक दायांना पन्नासपर्यंत मोजता येत नव्हतं, आणि तान्ह्या बाळाचा जीव अडकला होता नेमका त्या आकड्यावर.

दोन महिन्यांवरचं तान्हं मूल मिनिटाला 50 किंवा जास्त श्वास घेऊ लागलं, त्याहून लहान असेल तर 60, की न्यूमोनिया समजून औषध सुरू करायचं. स्टेथोस्कोप नको, एक्सरे नको. पापुआ न्यू गिनीत काम करणाऱ्या फ्रँक शान यांच्या अभ्यासातून निघालेली ही रीत 1980च्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेने उचलून धरली. कागदावर अगदी सोपी! पण पाळण्यातल्या बाळाची उडणारी छाती मोजायला गावात होती निरक्षर सुईण.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986मध्ये स्थापन केलेल्या ‘सर्च’ या संस्थेने तोड काढली ती वाळूचं घड्याळ आणि मणी यांची. घड्याळ उलटं करायचं, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. मिनिटाची वाळू संपायच्या आत शेवटच्या लाल मण्याची पाळी आली, तर न्यूमोनिया. दहापर्यंत मोजता आलं की झालं.

त्याच काळात 58 गावांत दाया, आरोग्यदूत आणि आरोग्य कर्मचाऱ्यांच्या हाती को-ट्रायमॉक्साझोल हे प्रतिजैविक दिलं गेलं. तुलनेसाठी 44 गावं होती. निष्कर्ष 1990मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. या मंडळींनी हाताळलेल्या 612 रुग्णांपैकी एक टक्काही दगावले नाहीत. तुलनेच्या गावांत हेच प्रमाण साडेतेरा टक्के होतं. पाच वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे न्यूमोनियाचे मृत्यू तिकडे 17.5, इकडे 8.1. डॉक्टरशिवाय औषध कसं द्यायचं, असा आक्षेप घेणाऱ्यांना याहून चोख उत्तर कुठलं असणार?

तरी या यशात एक फट होती. को-ट्रायमॉक्साझोल जिवाणूंवर चालतं, विषाणूंवर नाही. आणि तान्ह्या मुलांच्या फुप्फुसांवर सर्वाधिक घाला घालणाऱ्यांत आरएसव्ही हा विषाणूच आहे. 1956मध्ये तो आधी चिंपांझींत सापडला. सहा महिन्यांखालच्या बाळाच्या बारीक श्वासनलिका तो सुजवतो, चिकट स्रावाने बुजवतो. मग बाळाला दूध ओढवत नाही, बरगड्या आत खेचल्या जातात. अशा वेळी उपयोगी पडतो तो ऑक्सिजन, आणि तो पाड्यावर नसतो.

अमरावती जिल्ह्यातल्या मेळघाटात तर बाळ धापा टाकू लागलं, पोट फुगलं, की कित्येक कोरकू आदिवासी घरांत आधी भूमकाला, म्हणजे गावच्या मांत्रिकाला, बोलावलं जाई. तापवलेल्या विळ्याने पोटावर चटके, म्हणजे ‘डम्मा’. ही प्रथा आजही पुरती गेलेली नाही. तिला नुसतं अडाणीपण म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण रात्री दवाखान्यापर्यंत वाहन मिळत नाही हेही त्याच गोष्टीत येतं.

घरीच दगावलेल्या बाळाच्या मृत्यूचं कारण कागदावर कुठून येणार? हा अंधार दूर करण्यासाठी 2016पासून डॉ. आशिष सातव यांच्या ‘महान’ संस्थेने अमेरिकेतील कोलोरॅडोच्या संशोधकांसह मेळघाटच्या गावांत दोन वर्षांखालच्या मुलांचा माग ठेवला. आजारी मुलांच्या, आणि पालकांनी परवानगी दिली तिथे मृत बाळांच्याही, नाकातले नमुने घेतले. घरातच झालेल्या मृत्यूंतही आरएसव्ही सापडला. रुग्णालयाच्या नोंदींवर विसंबलं असतं, तर ही मुलं हिशेबात आलीच नसती.

जगाचा हिशेबही तसाच आहे. 2019मध्ये पाच वर्षांखालची सुमारे एक लाख मुलं आरएसव्हीने गेल्याचा अंदाज आहे. त्यांतली 97 टक्के गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतली, आणि बहुतेक मृत्यू रुग्णालयाबाहेरच झाले.

गडचिरोलीच्या अनुभवातून घडलेली घरपोच नवजात सेवा 2011पासून देशभर आशाताईंकडे आली: बाळंतपण घरी झालं तर पहिल्या 42 दिवसांत सात भेटी, दवाखान्यात झालं तर सहा. आता गरोदरपणी आईला टोचायची आरएसव्हीची लसही निघाली आहे. जन्मल्यावर बाळाचं पहिल्या काही महिन्यांत रक्षण करणारी. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च 2025मध्ये तिला पूर्वमान्यता दिली. भारताच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात तिचा समावेश व्हायला हवा, आणि सुरुवात मेळघाट-गडचिरोलीपासून व्हावी.