न्यायाधीशाचा पश्चात्ताप

इ. स. १६९७ च्या जानेवारीची १४ तारीख मॅसॅच्युसेट्स वसाहतीनें उपवास व प्रार्थना यांसाठीं नेमून दिली होती. त्या दिवशीं बोस्टनच्या साउथ चर्चमध्यें सॅम्युएल सूअल यानें धर्मोपदेशक विलर्ड यांच्या हातीं एक चिठ्ठी दिली व ती वाचली जात असतां तो साऱ्या मंडळीसमोर उभा राहिला. वाचन संपल्यावर त्यानें मान लवविली व तो खालीं बसला. चिठ्ठींत त्यानें सेलम येथील खटल्यांचा दोष व लज्जा स्वतःच्या शिरावर घेतली होती. सूअल हा त्या खटल्यांतील एक न्यायाधीश होता.

हे खटले १६९२ सालचे. सेलम गांवांतील कांहीं मुलींना झटके येऊं लागले आणि अमुक बाई चेटूक करून आम्हांस छळते, असें त्या सांगूं लागल्या. गव्हर्नर फिप्स यानें मे महिन्यांत खास न्यायालय नेमलें. विल्यम स्टॉटन त्याचा मुख्य होता. आरोपी दूर असला तरी त्याची छायामूर्ति आम्हांस चिमटे घेते, ही साक्षसुद्धां तेथें ग्राह्य मानली गेली. एकोणीस जणांना फांशी झाली. चौकशीस मान तुकविण्याचें नाकारणाऱ्या वृद्ध जाइल्स कोरीस दगडांखालीं चिरडून मारण्यांत आलें.

या न्यायाची एक गोष्ट विशेष भयंकर होती. ज्यांनीं चेटूक केल्याचें कबूल केलें त्यांचा जीव वांचला. ज्यांनीं आपण निर्दोष असल्याचें धरून ठेवलें ते फांसावर चढले. सॅम्युएल वॉर्डवेल यानें आधीं दिलेली कबुली मागें घेतली आणि तोही लटकला. म्हणजे पश्चात्ताप हा शब्द तेथें रोज उच्चारला जात होता. पण खोट्या पश्चात्तापास जीवदान आणि सत्यास मृत्यु, असा तो बाजार होता! सत्तरी ओलांडलेल्या रिबेका नर्सला पंचांनीं प्रथम निर्दोष ठरविलें. न्यायाधीशांनीं त्यांस पुन्हा विचार करावयास धाडलें आणि निकाल फिरला. तिची बहीण मेरी ईस्टी हिनें तर अर्जांत स्वतःचा जीव मागितलाच नाहीं. यापुढें निरपराध रक्त सांडूं नये, एवढेंच मागितलें. सप्टेंबरच्या २२ तारखेस तीही फांशी गेली.

पुढें चार वर्षांनीं सूअलच्या घरावर दुःख कोसळलें. १६९६ मध्यें त्याचें एक मूल मृत जन्मलें, आणि २३ डिसेंबरला दोन वर्षांची सारा वारली. दुसऱ्या दिवशीं त्याचा मुलगा लॅटिनमधून मत्तयाच्या बाराव्या अध्यायाचा पाठ म्हणत होता. यज्ञापेक्षां दया हवी हें कळलें असतें तर निर्दोषांना दोषी ठरविलें नसतें, अशा अर्थाचें वचन त्यांत आहे. तें ऐकून सूअलला सेलमची आठवण होऊन भय वाटलें, अशी नोंद त्याच्या रोजनिशींत आहे. तीन आठवड्यांनीं तो चर्चमध्यें उभा राहिला.

प्युरिटन लोकांच्या मतें देवाची कृपा विकत मिळत नाहीं. अश्रूंनीं वा उपवासांनीं ती कमावतां येत नाहीं. मग ही उघड कबुली कशासाठीं? उत्तर चिठ्ठींतच सांपडतें. त्यानें मनुष्यांकडे क्षमा मागितली आणि देवानें आपणांस क्षमा करावी म्हणून इतरांनीं प्रार्थना करावी, अशी याचना केली. शिवाय आपल्या पापाचें फळ आपल्या घरावर किंवा देशावर येऊं नये, असेंही मागितलें. दावीद राजाची कथा त्याला ठाऊक होती: नाथान संदेष्ट्यानें क्षमेचा निरोप दिला, तरी बाळ मात्र वांचलें नाहीं. क्षमा झाली म्हणून परिणाम टळतोच असें नाहीं, ही जाणीव त्या चिठ्ठींत आहे.

त्याच सुमारास बारा पंचांनींही लेखी क्षमा मागितली. अ‍ॅन पुटनम या मुलीनें १७०६ मध्यें चर्चमध्यें कबुली दिली. मात्र तींत सैतानानें भुलविल्याचा आधार आहे. सूअलनें तसा आधार घेतला नाहीं, आणि तेथेंच त्याच्या कबुलीचें वजन आहे. स्टॉटननें तर कधींच उघड पश्चात्ताप केला नाहीं. सूअलचें न्यायाधीशपद मात्र गेलें नाहीं; १७१८ मध्यें तो मुख्य न्यायाधीशही झाला. हें कित्येकांस खटकेल, आणि तें खटकणें योग्यच आहे. पण १७०० साली गुलामगिरीच्या व्यापाराविरुद्ध त्यानें पुस्तिका छापली, हेंही त्याच माणसाचें कृत्य होय.

मृतांच्या वांट्यास न्याय फार सावकाश आला. १७११ मध्यें वसाहतीनें कित्येकांच्या शिक्षा रद्द करून वारसांस भरपाई दिली. पुढच्या वर्षीं सेलमच्या चर्चनें रिबेका नर्स हिला बहिष्कृत केल्याचा ठराव पुसून टाकला. कांहीं नांवें तरीही राहिलीं. एलिझाबेथ जॉन्सन हिला दोषमुक्त करणारा कायदा मॅसॅच्युसेट्सनें केला तो २०२२ मध्यें.