एका शब्दाची सोळा वर्षं

कार्टर्स लिटल लिव्हर पिल्स. चार शब्दांपैकी तीन खरे: गोळ्या होत्या, लहान होत्या, कार्टर यांच्या होत्या. लिव्हरशी मात्र त्यांचं काही देणंघेणं नव्हतं.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या इरी शहरात डॉ. जॉन कार्टर यांनी त्या काढल्या. आत होता काळा बोळ, म्हणजे कोरफडीचा वाळवलेला चीक, आणि पोडोफायलम नावाची मुळी. दोन्ही जालीम रेचकं. डोकं दुखतंय, मळमळतंय, जिभेवर पांढरा थर आलाय? जाहिरात सगळ्याचं खापर लिव्हरवर फोडायची. गोळी घेतली की सकाळी पोट साफ. मग माणसाला वाटायचं, लिव्हर सुधारलं. खरी मेख इथेच आहे. गोळी काम करत होती, फक्त दुसरीकडे!

१९४३मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने हरकत घेतली. कंपनी शेवटपर्यंत भांडली. १९५९मध्ये सुप्रीम कोर्टाने अपील ऐकायला नकार दिला, तेव्हा कुठे नावातलं ‘लिव्हर’ गेलं. दरम्यान १९५५मध्ये याच कंपनीने मिलटाऊन ही मन शांत करणारी गोळी आणली होती आणि तिच्यावर अख्खी अमेरिका तुटून पडली होती.

‘कार्टर्स लिटल पिल्स’ त्यानंतरही विकल्या जातच राहिल्या.