पाणिनी, बॅकस आणि नियमांचा शेजार

ठाणे, कल्याण व डोंबिवली येथील, मुंबई विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांतून संगणकशास्त्र शिकणाऱ्यास प्रोग्रॅमिंग भाषांची उपपत्ती अभ्यासताना त्यांच्या व्याकरणाशी परिचय करून घ्यावा लागतो. हे व्याकरण लिहिण्याची पद्धती जॉन बॅकस यांनी १९५९ साली मांडली. पीटर नाऊर यांनी संपादिलेल्या १९६०च्या अल्गोल-वृत्तांताने ती प्रसिद्धीस आली. १९६७ साली पीटर इंगरमन यांनी तिला पाणिनी-बॅकस हे नाव सुचविले. पाणिनीनेही भाषेची रचना नियमांनीच सिद्ध केली होती.

ही सूचना गौरवाची असली तरी तिची मर्यादा ध्यानात घेतली पाहिजे. बॅकसच्या नियमात एका चिन्हाच्या जागी दुसरी चिन्हे येतात. शेजारी काय आहे, हे पाहिले जात नाही. पाणिनीचे अनेक नियम मात्र शेजार पाहूनच लागू होतात. ‘इति’पुढे ‘आदि’ आल्यामुळेच इकाराचा यकार होऊन ‘इत्यादि’ सिद्ध होते. तेव्हा पाणिनीस बॅकसचा पूर्वज म्हणून मिरविण्यापेक्षा हा भेद समजून घेणे अधिक उपकारक होय. शाळेत संधिनियम शिकलेल्या विद्यार्थ्यास संदर्भनिरपेक्ष व्याकरण म्हणजे काय, हे त्या नियमांशी तुलना करूनच उत्तम उमगेल.