बाप हयात आहे, पण घरात नाही : शिष्यवृत्तीच्या उत्पन्न-अटीमागचा इतिहास

कॉलेजचे प्रवेश सुरू झाले की वस्तीतली मुलेमुली शिष्यवृत्तीचे अर्ज भरायला आमच्याकडे येतात. मागे एक मुलगी आली. ती चौथीत असताना आईवडिलांचा घटस्फोट झालेला. आई जेवणाचे डबे करून घर चालवते. बाप पगारदार, त्याचा दुसरा संसार. कोर्टाने मंजूर केलेली पोटगी दोन वर्षे आली, मग थांबली.

अर्जात विचारले होते, वडील हयात आहेत का? तिने 'हो' लिहिले. खोटे कसे लिहिणार? मग खिडकीवरून उत्तर आले, 'हयात आहेत ना, मग त्यांच्याही उत्पन्नाचा पुरावा आणा.' बापाने फोन उचलला नाही. मुदत निघून गेली. त्या वर्षीची फी आईने बचत गटातून कर्ज काढून भरली.

हे एका कारकुनाच्या आडमुठेपणाचे प्रकरण आहे, असे म्हणून आम्हाला थांबता येत नाही. यामागे इतिहास आहे, आणि तो बाबासाहेबांच्या दोन लढ्यांचा आहे.

पहिला लढा शिष्यवृत्तीचा. जुलै 1942 मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे सविस्तर निवेदन सरकारपुढे ठेवले. त्यात उच्च शिक्षणासाठी सरकारी पैशाची मागणी होती. त्यातून 1944 साली अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. बडोद्याच्या महाराजांच्या मदतीवर शिकलेल्या माणसाने राजाच्या मर्जीवरची मदत सरकारच्या जबाबदारीत बदलली. ही भीक नव्हती, हक्क होता.

दुसरा लढा हिंदू कोड बिलाचा. आपल्या समाजात काडीमोड आणि पाट पूर्वीपासून होते. घटस्फोटाचे वावडे होते ते वरच्या जातींना. मुंबई प्रांतात 1947 साली घटस्फोटाचा कायदा झाला. बाबासाहेबांना मात्र देशभरच्या स्त्रीला लग्नातून बाहेर पडण्याचा, पोटगीचा आणि संपत्तीचा हक्क कायद्याने द्यायचा होता. बिल रखडवले गेले आणि सप्टेंबर 1951 मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे 1955 आणि 1956 साली त्याच बिलाचे तुकडे वेगवेगळे कायदे म्हणून मंजूर झाले. हे कायदे बौद्धांनाही लागू आहेत.

म्हणजे मुलीला कॉलेजची वाट बाबासाहेबांनी मोकळी केली आणि तिच्या आईला छळाच्या संसारातून बाहेर पडण्याची वाटही त्यांनीच मोकळी केली. मग या दोन वाटा तहसीलच्या खिडकीवर एकमेकींना का अडवतात?

उत्तर नियमाच्या भाषेत आहे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या केंद्रीय नियमावलीत वर्षानुवर्षे एक तरतूद होती. आईवडिलांपैकी कोणीही हयात असेल तोवर आईवडिलांचेच सर्व मार्गांचे उत्पन्न धरायचे. विद्यार्थिनी विवाहित आणि बेरोजगार असेल तर नवऱ्याचे. पालकाचे उत्पन्न कधी बघायचे? आईबाप दोघेही वारले तर. मरण या नियमाला दिसत होते, घटस्फोट दिसत नव्हता.

लग्नाआधी बापाच्या उत्पन्नावर, लग्नानंतर नवऱ्याच्या उत्पन्नावर मुलीची पात्रता मोजायची, हा हिशोब आपल्या ओळखीचा आहे. मनूनेही स्त्रीला आधी बापाच्या आणि मग नवऱ्याच्याच ताब्यात दिले होते. 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला तो ग्रंथ जाळला. त्याची राख उडून शासकीय छापील अर्जात पडली की काय, असा प्रश्न आम्हाला पडतो.

आता आकडा पाहा. 2013 पासून पालकांच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 2 लाख 50 हजार रुपये आहे. म्हणजे महिन्याला साधारण 20 हजार 833 रुपये. साध्या शिपायाच्या पगारानेही ही मर्यादा ओलांडली जाते. जो पगार त्या घरात येतच नाही, तो कागदावर जोडला की मुलीचा निर्वाह भत्ता गेला.

मुलांच्या बाबतीत विसंगती आणखी उघडी आहे. 1956 च्या दत्तक व निर्वाह कायद्याप्रमाणे मुलगा सज्ञान होईपर्यंतच बापाकडे निर्वाह मागू शकतो. स्वतःचे पोट भरू न शकणाऱ्या अविवाहित मुलीचा हक्क मात्र पुढेही राहतो. म्हणजे अठरा वर्षे पूर्ण झाली की कायदा बापाला सांगतो, याचा खर्च देणे तुझ्यावर बंधनकारक नाही. आणि त्याच वयात शिष्यवृत्तीचा अर्ज मुलाला सांगतो, बापाचा पगार दाखव. जबाबदारी संपते, उत्पन्न मात्र मोजले जाते!

पालकत्वाच्या कायद्यातही आधी बाप, 'त्याच्यानंतर' आई, असाच क्रम होता. 1999 साली गीता हरिहरन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की 'त्याच्यानंतर' म्हणजे केवळ त्याच्या मृत्यूनंतर नव्हे. तो मुलाच्या आयुष्यातून गैरहजर असेल तेव्हाही आई नैसर्गिक पालक ठरते. हाच न्याय उत्पन्नाच्या दाखल्याला का लावू नये?

हा प्रश्न सोडवता न येण्यासारखा नाही. अमेरिकेत सरकारी शिक्षणमदतीच्या अर्जात घटस्फोटित आईवडिलांसाठी वेगळा नियमच आहे. पूर्वी विद्यार्थी ज्याच्याकडे जास्त राहिला त्या पालकाचे उत्पन्न धरत. 2024-25 पासून गेल्या बारा महिन्यांत ज्याने जास्त आर्थिक आधार दिला त्याचे धरतात. त्या पालकाने दुसरे लग्न केले असेल तर नव्या जोडीदाराचेही धरले जाते आणि अनेक खासगी कॉलेजे दोघांकडेही हिशोब मागतात. तिथली पद्धत निर्दोष नाही. पण घटस्फोट होतो, हे तिथल्या अर्जाला ठाऊक आहे.

आता थोडे स्वतःकडेही बघू. आपल्या वस्त्यांत अनेक संसार कोर्टात नव्हे, पंचांच्या बैठकीत मोडतात. स्टॅम्प पेपरवर फारकत लिहिली जाते, पुष्कळदा तीही नाही. बाईला 'पोर तू सांभाळ' एवढेच सांगून बैठक उठते. पोटगीचा, मुलांच्या शिक्षणाचा विषयच निघत नाही. दहा वर्षांनी ती पोर कॉलेजात जाते तेव्हा आईच्या हातात दाखवायला एकही कागद नसतो. त्या बैठकीत बसणारे आपलेच कार्यकर्ते असतात. जयंतीच्या मंचावर हिंदू कोड बिलावर बोलणारेही तेच असतात.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. घटस्फोटित आणि परित्यक्ता आईच्या मुलांसाठी आईचे उत्पन्न आणि प्रत्यक्ष हातात आलेली पोटगी, एवढेच धरावे. नुसती मंजूर झालेली पोटगी धरू नये. कोर्टाचा आदेश नसेल तर आईचे प्रतिज्ञापत्र आणि स्थानिक चौकशी पुरेशी मानावी. जातीच्या दाखल्यासाठी आणि पडताळणीसाठी बापाकडची कागदपत्रे लागत असतील, तर ती मिळवण्याची जबाबदारी मुलांवर न टाकता कार्यालयाने घ्यावी.

आणि कार्यकर्त्यांनी शासनाची वाट पाहू नये. विहारात अर्ज भरण्याचे शिबिर घ्याल तेव्हा अशा आयांची वेगळी यादी करा, त्यांना विधी सेवा प्राधिकरणाच्या मोफत वकिलापर्यंत पोहोचवा. तोंडी फारकत करणाऱ्या बैठकीत बसू नका. बसलात तर पोरांच्या शिक्षणाचा खर्च लिहून घेतल्याशिवाय उठू नका. 'शिका' हा आदेश बाप घरात असणाऱ्यांपुरता नव्हता.

जय भीम!