प्रेस कुठला घ्यावा?

प्रेस म्हटलं की मराठी माणसाला तीन गोष्टी आठवतात. पहिली इस्त्री, दुसरी छापखाना आणि तिसरी म्हणजे कुठल्याही समारंभात पुढच्या रांगेत बसणारी मंडळी. त्यामुळे अमेरिकेत विस्कॉन्सिनला असलेल्या आमच्या पुतण्याने फोनवर, "काका, प्रेस घ्यायचाय, कुठला घेऊ?" असं विचारलं तेव्हा आमच्या सौ.नी मागूनच, "वाफेवरची घे म्हणावं, कपडे जळत नाहीत," असा सल्ला देऊन टाकला.

त्याला हवा होता तो प्रेस बंदुकीची काडतुसं घरी भरायचा. चिरंजीव तिकडे एका नेमबाजीच्या क्लबात जातात आणि मातीच्या तबकड्या फोडतात. एका डावाला पंचवीस तबकड्या, म्हणजे पंचवीस काडतुसं. रविवारी असे चार डाव. "तुम्ही बी.कॉम., त्यातून बँकेत. हिशेब करून सांगा, घरी भरणं परवडतं का?" आता आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस बनवायला १९५९ च्या शस्त्र कायद्यानेच बंदी आहे. त्यामुळे या विषयातला माझा अनुभव शून्य. पण हिशेब म्हटला की कारकुनाला राहवत नाही. आणि हिशेबाच्या मागे लागलं की इतिहास आपोआप अंगावर येतो.

खरं म्हणजे पूर्वी प्रत्येक बंदूकवाला स्वतःच भरत असे. कोकणात शेताच्या राखणीसाठी परवान्याची ठासणीची बंदूक ठेवतात ती पाहा. नळीत दारू ओतायची, वर बोळा घालून गजाने ठासायचं, मग छर्रे, पुन्हा बोळा, शेवटी टोपी. तोवर रानडुक्कर पुढच्या वाडीत! पण इथे प्रेसचा प्रश्नच नाही. बंदूक हाच प्रेस.

घोटाळा केला तो पॅरिसच्या कासिमिर लफोशोने. १८३० च्या दशकात त्याने मागून उघडणारी बंदूक आणि तिच्यासाठी तयार काडतूस आणलं. काडतूस म्हणजे डबाच म्हणा ना. खाली दारू, मधे बूच, वर छर्रे. १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात ही बंदूक इंग्रज कारागिरांनी पाहिली आणि पुढच्या काही वर्षांत तिकडे ठासणीचे दिवस भरले. बार उडाला तरी कागदाची पुंगळी हातात शाबूत उरते, हे लक्षात यायला वेळ लागला नाही. चहाची पत्ती दुसऱ्यांदा उकळणारी माणसं काही एकट्या सदाशिव पेठेतच जन्मत नाहीत.

मग शेफील्डच्या जेम्स डिक्सन अँड सन्ससारख्या कारखान्यांनी काडतूस भरायची अवजारं काढली. त्यातलं एक चित्रात पाहिलं आणि मला आमचं स्वयंपाकघर आठवलं. नारळ खवायचं हँडलवालं यंत्र टेबलाच्या कडेला स्क्रूने आवळतात, अगदी तस्सं! भरलेली पुंगळी त्यात धरून दांडा फिरवला की तोंडाची कड आत वळते. करंजीला मुरड घालावी तशी. पुढे ही मुरड जाऊन सहा किंवा आठ घड्या घालून तोंड मिटायची पद्धत आली. हे म्हणजे करंजीवरून मोदकाच्या कळ्यांवर येणं झालं. आजचा प्रेस हेच करतो.

पण खरी गंमत (आणि खरा धोका) होती ती मापात. काळी दारू मापाने भरत. आपलं चिपटं-मापटं तसं त्यांचं छोटं माप, ड्रॅमच्या खुणांचं. औंसाचा सोळावा भाग म्हणजे ड्रॅम. १८६४ च्या सुमाराला प्रशियाच्या शुल्त्झे नावाच्या कॅप्टनने लाकडापासून कमी धुराची दारू केली. अशा दारूंचं आकारमान मुद्दाम असं ठेवत की जुन्याच मापट्याने भरली तरी चालावं. गिऱ्हाइकाची सवय मोडू नये, हे व्यापारी शहाणपण. नंतर मात्र नोबेलच्या १८८७ च्या बॅलिस्टाइटसारख्या घट्ट दारू आल्या. त्या चिमूटभर घातल्या तरी तेवढंच काम. ज्यांनी सवयीने जुनं मापटं भरून ओतलं त्यांची बंदूक फुटली. माप तेच, हात तोच, माल बदललेला! आमच्या बँकेत असं झालं तर फार तर बेरीज चुकते. तिथे बोटं जातात.

बरं, काळी दारू रोजच्या वापरातून कधीच गेली, तरी अमेरिकन काडतुसांच्या खोक्यांवर अजूनही 'ड्रॅम इक्विव्हॅलंट' छापतात. म्हणजे, आतली दारू कुठलीही असो, जोर अमुक ड्रॅम काळ्या दारूएवढा. हसू नका. आपल्याकडे १९५७ साली रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, तरी गोष्ट अजून 'सोळा आणे' खरी असते.

काडतुसं खपायला लागली ती अमेरिकेत. आधी जिवंत कबुतरं उडवत, मग काचेचे गोळे फोडत. १८८० साली सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगोव्स्कीने मातीची तबकडी काढली. पाण्यावर भाकऱ्या टाकणारी मुलं पाहून त्याला ती सुचली म्हणे. १९२० च्या सुमाराला मॅसॅच्युसेट्समधल्या अँडोव्हरच्या चार्ल्स डेव्हिसने नवा खेळ मांडला. १९२६ साली त्याला नाव सुचवायला शंभर डॉलरचं बक्षीस लावलं. ते मोंटानाच्या गर्ट्रूड हर्लबट बाईंनी 'स्कीट' हा शब्द देऊन पटकावलं. एका शब्दाला शंभर डॉलर! मराठी लेखकाने हे वाक्य दोनदा वाचावं.

खेळ वाढला तसा खर्च वाढला आणि खर्चाच्या मागोमाग प्रेस आला. गंमत अशी की यातले दोन नामांकित कारखाने पुतण्याच्याच राज्यातले. मेव्हिलचा मेक, १९४५ साली स्थापन झालेला, आणि हार्टफर्डचा ली. ली यांनी १९५८ साली पहिल्यांदा विकलं ते तर यंत्रसुद्धा नव्हे, हातोडीने ठोकायचं साधं अवजार. १९६० साली रेमिंग्टनने प्लास्टिकची पुंगळी आणली. ती कागदासारखी फुगत नाही, पुन्हा पुन्हा भरता येते. घरी भरणाऱ्यांची दिवाळीच.

आता निवड. प्रेसच्या जाती दोन. पहिल्यात एका वेळी एकच पुंगळी. मेकच्या '६०० ज्युनियर'वर ती पाच ठिकाणी हाताने सरकवायची. जुनी टोपी काढा, नवी बसवा, दारू-बूच-छर्रे घाला, घड्या पाडा, तोंड मिटवा. दर ठिकाणी दांडा ओढायचा. दुसऱ्या जातीत फिरती ताटली असते. दांडा एकदा ओढला की सगळ्या पुंगळ्यांवर एकदम काम, आणि दर ओढीला एक काडतूस तयार. ऐकायला छान. पण मधेच फोन वाजला, उठलात, परत आलात की या पुंगळीत दारू पडली होती का? दोनदा पडली तर बंदुकीवर संकट. पडलीच नाही तर नुसत्या टोपीच्या जोराने बूच नळीतच अडकतं, आणि पुढचा बार त्या अडकलेल्या नळीत सुटतो. तेव्हा संकट आणखी मोठं.

हिशेबही मांडला. छर्ऱ्यांची पिशवी पंचवीस पौंडांची, म्हणजे चारशे औंस. बारा बोअरला सव्वा औंस नव्हे, एक अष्टमांश जास्त औंस धरला तर ३५५ काडतुसं, म्हणजे चौदा खोकी आणि वर पाच. खर्चात मोठा वाटा शिशाचाच. त्यामुळे बारा बोअरची तयार काडतुसं स्वस्तात मिळत असतील तर घरी भरून हाती फारसं काही लागत नाही. उलट अठ्ठावीस बोअर आणि फोर-टेन या बारक्या काडतुसांत शिसं कमी, तरी बाजारात ती महाग, कारण खप थोडा. तिथे घरी भरणं खरोखर परवडतं. स्कीटवाले चारही मापांच्या बंदुका चालवतात, म्हणून प्रेसचं वेड त्यांच्यात जास्त. शिवाय दांडा ओढणाऱ्याच्या मजुरीचं खातं कोणी उघडतच नाही. स्वस्त पडतं म्हणून माणूस दुप्पट बार उडवतो, ते निराळंच.

मी पुतण्याला लिहिलं: एकेका पुंगळीचा प्रेस घे, आणि त्याच्याबरोबर न विसरता तराजू घे. प्रेसमध्ये दारूचं माप ठरवणारी धातूची छोटी नळी असते. तिच्या तक्त्यावर एक वजन छापलेलं असतं आणि प्रत्यक्षात पडतं ते कधी थोडं वेगळं. छापलंय म्हणून खरं, हे मी पासबुकाच्या बाबतीतसुद्धा मानत नाही. दर थोड्या काडतुसांनी दारू तोलायची. भरलेल्या पुंगळ्या तोंड मिटण्याआधी उजेडात ओळीने ठेवून आत पाहायचं. आणि शेवटी हात साबणाने धुवायचे, कारण शिसं पोटात जायला चमचा लागत नाही.

आणि बाजारात त्या व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या, करंजीची मुरड घालणाऱ्या यंत्रांनाही गिऱ्हाईक आहे. हौशी लोक ती लिलावात घेतात, पितळ घासून काचेच्या कपाटात ठेवतात, आणि त्यात एकही काडतूस भरत नाहीत.