कॅप्टन जेकब ह्यांचा ग्रह

विवाहप्रसंगी अरुंधतीदर्शनाच्या निमित्ताने वसिष्ठ-अरुंधतीची जोडी आपण सारेच पाहतो. तथापि ह्यांतील वसिष्ठ दुर्बिणीतून स्वतःच दुहेरी दिसतो, हे पुष्कळांस ठाऊक नसते. असे जोडतारे आकाशात विपुल आहेत. आणि त्यांतील कित्येक खरोखरच परस्परांभोवती फिरतात, हे विल्यम हर्शेल ह्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दाखवून दिले. मग अशा दोन सूर्यांच्या घरी ग्रह नांदू शकेल काय? ह्या बाबतीतील एक अगदी आरंभीचा दावा आपल्याच देशातून, मद्रासच्या वेधशाळेतून, पुढे आला.

दावेदार होते कॅप्टन विल्यम स्टीफन जेकब. कंपनी सरकारच्या मुंबई इंजिनिअर्स पथकातील ह्या गृहस्थांनी १८४२ साली पुण्यास स्वखर्चाने वेधशाळा उभारून जोडताऱ्यांचे वेध घेतले होते. पुढे मद्रासच्या वेधशाळेचे प्रमुख असता, १८५५ साली, भुजंगधारी समूहातील ७० क्रमांकाच्या जोडताऱ्याची गती गणिताशी जुळत नाही, असे त्यांनी प्रसिद्ध केले. एखादा न दिसणारा ग्रह ताऱ्यास ओढीत असावा, असा त्यांचा तर्क. ‘असावा’ ह्यापलीकडे ते गेले नाहीत, हे आम्हांस विशेष वाटते. पुण्याजवळ डोंगरावर वेधशाळा स्थापण्याच्या हेतूने ते १८६२ च्या ऑगस्टात परतले आणि थोड्याच दिवसांत पुण्यासच निवर्तले.

१८९६ साली अमेरिकेतील टी. जे. जे. सी ह्यांनी तोच दावा पुन्हा उभा केला, आणि तोही ठाम स्वरात: ह्या जोडीतील एका ताऱ्याभोवती एक काळा सोबती ३६ वर्षांत फेरा करतो! १८९९ साली फॉरेस्ट रे मोल्टन ह्यांनी त्यास उत्तर दिले. साक्षीदाराची नजर अधू होती की काय, ह्या वादात न शिरता, तो सांगतो ते घडणेच शक्य नाही, असे सिद्ध करणे हा आम्हां वकिलांच्या मते सर्वांत बळकट बचाव. मोल्टन ह्यांनी नेमके तेच केले. ही जोडी सुमारे ८८ वर्षांत परस्परांभोवती फिरते. तेव्हा ३६ वर्षांच्या कक्षेतील पिंडास दुसरा तारा स्वस्थ राहू देणार नाही, त्याची कक्षा विस्कटणारच, असे त्यांचे गणित सांगत होते.

ह्या निकालाने जोडताऱ्यांस ग्रह नसतातच, असे मात्र ठरले नाही. एका ताऱ्यास अगदी बिलगून राहावे, अथवा दोघांपासून पुरेसे दूर राहून दोघांनाही प्रदक्षिणा घालावी, असे दोन मार्ग ग्रहास मोकळे असतात. धोका आहे तो मधल्या पट्ट्यात. वृषपर्वा समूहातील गॅमा ताऱ्याचा ग्रह पहिल्या मार्गाचा. तेथील दोन ताऱ्यांच्या फेऱ्यास सहा दशकांहून अधिक काळ लागतो, तर ग्रहाचा फेरा अवघ्या अडीच वर्षांचा. त्याची चाहूल १८८८ नव्हे, तर थेट १९८८ साली लागली. पुढे खुद्द शोधकांनीच शंका घेतली, आणि खात्री पटण्यास २००३ उजाडले. दुसऱ्या मार्गाचा ग्रह, केप्लर-१६, २०११ साली जाहीर झाला. तेथील दोन सूर्य ४१ दिवसांत परस्परांभोवती फिरतात आणि शनीच्या तोडीचा हा ग्रह दोघांनाही २२९ दिवसांत वळसा घालतो.

भुजंगधारीतील त्या जोडीजवळ मात्र अद्याप एकही ग्रह सिद्ध झालेला नाही. एखादा असलाच तर तो दोहोंपैकी एका ताऱ्याच्या पुष्कळ निकट, सी ह्यांनी सांगितलेल्या कक्षेच्या बऱ्याच आत, शोधावा लागेल.